तीनशेचं तिकीट तीनशेला का मिळत नाही?

गेल्या महिन्यात आई आणि दोघी मावश्या माझ्याकडे पुण्याला आल्या होत्या. नाटकाला जायचं ठरलं. तिकीट तीनशे रुपये, आम्ही चौघी, म्हणजे बाराशे. आईने तिथल्या तिथे हिशेब करून पैसे माझ्या हातावर ठेवले. मी फोनवर तारीख निवडली, वेळ निवडली, चार खुर्च्या एकमेकींशेजारी मिळवल्या (यात बराच वेळ गेला, कारण धाकट्या मावशीला कडेचीच खुर्ची हवी होती), नाव-नंबर भरला आणि शेवटच्या पानावर आकडा आला: १३४५ रुपये ६० पैसे.

नीट पाहिलं. दर तिकिटामागे ३० रुपये 'कन्व्हिनिअन्स फी', त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५ रुपये ४० पैसे. चार तिकिटांचे १४१ रुपये ६० पैसे. शिवाय तिकिटामागे एक रुपया कुठल्याशा सामाजिक कामाला. त्या चौकटीत टिक आधीच केलेली होती.

आई म्हणाली, "अगं, तीनशेचं तिकीट म्हणालीस ना? मग हे वरचे दीडशे कसले?"

"सोयीचे," मी म्हटलं.

"कोणाच्या सोयीचे?"

उत्तर नव्हतं. गंमत म्हणजे संख्याशास्त्रात एमएस्सी करून मी पीएचडीला जो विषय घेतला तो हाच आहे: किंमत कशी दाखवली जाते त्यावर आपण काय आणि किती विकत घेतो ते कसं बदलतं. या विषयावरचे पेपर मी रोज वाचते. तरीही त्या संध्याकाळी मी दानाची टिक तेवढी काढली आणि बाकीचे पैसे मुकाट्याने भरले. का भरले, हेच आज समजावून सांगायचं आहे. कारण "लोक नीट वाचत नाहीत, म्हणून फसतात" हे जे नेहमीचं उत्तर आहे ते संशोधनाच्या कसोटीवर फारसं टिकत नाही.

थेंब थेंब किंमत

या प्रकाराला 'ड्रिप प्रायसिंग' म्हणतात. ठिबक सिंचन आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पाणी एकदम सोडायचं नाही, थेंबाथेंबाने सोडायचं. इथे किंमत थेंबाथेंबाने सोडतात. आधी मूळ आकडा, मग फी, मग फीवरचा कर, मग 'हँडलिंग', मग 'प्लॅटफॉर्म'. प्रत्येक थेंब लहान असतो. शेवटचा थेंब पडेपर्यंत आपण खुर्च्या निवडलेल्या असतात, घरच्यांना कळवलेलं असतं आणि मनाने आपण नाट्यगृहात जाऊन बसलेलो असतो.

या थेंबांनी खरंच किती फरक पडतो? याचं मला माहीत असलेलं सगळ्यात स्वच्छ उत्तर एका अमेरिकन प्रयोगातून मिळतं. स्टबहब ही तिकिटांची फेरविक्री करणारी मोठी वेबसाइट. २०१५ साली तिने आपल्या अमेरिकेतल्या ग्राहकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला फीसकट पूर्ण किंमत पहिल्याच पानावर दिसायची. दुसऱ्या गटाला आधी नुसती तिकिटाची किंमत दिसायची आणि फी अगदी शेवटी. एकूण पैसे दोघांनाही तेवढेच भरायचे होते. टॉम ब्लेक, सारा मोशरी, केन स्वीनी आणि स्टीव्ह टाडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी त्या आकड्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध केला.

निष्कर्ष असा: ज्यांना फी शेवटी दिसली त्यांनी सुमारे २१ टक्के जास्त खर्च केला, आणि खरेदी पूर्ण करण्याची शक्यता त्यांच्यात सुमारे १४ टक्क्यांनी जास्त होती.

हे दोन आकडे सारखे नाहीत, हे लक्षात घ्या. लोकांनी फक्त जास्त वेळा खरेदी केली असती, तर खर्चही साधारण तेवढाच वाढला असता. पण खर्च त्याहून जास्त वाढला. कारण लोकांनी नुसती जास्त तिकिटं घेतली नाहीत, तर महागाची, म्हणजे पुढची, चांगल्या जागेची तिकिटं घेतली. पहिल्या पानावर सगळंच स्वस्त दिसत होतं, म्हणून "थोडं पुढचं घेऊ" असं वाटलं. म्हणजे लपवलेली फी खिशातून फीपुरतेच पैसे काढत नाही, ती मूळ निवडही बदलते.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. या प्रयोगाच्या आधी ती कंपनी पूर्ण किंमत सुरुवातीलाच दाखवत होती. प्रयोगाचे आकडे हाती आल्यावर तिने ते बंद केलं आणि फी सगळ्यांसाठीच शेवटच्या पानावर नेली. प्रामाणिकपणाची किंमत मोजून पाहिली आणि ती परवडत नाही असं ठरवलं!

माहीत असणं वेगळं, दिसणं वेगळं

तुम्ही म्हणाल, लोकांना एव्हाना कळलंच असेल की वर फी लागते. बरोबर आहे. पण कळून फारसा उपयोग होत नाही.

राज चेट्टी, अ‍ॅडम लूनी आणि कोरी क्रॉफ्ट यांनी २००९ साली एक पेपर प्रसिद्ध केला. अमेरिकेत दुकानात फळीवर जी किंमत लिहिलेली असते तीत विक्रीकर नसतो, तो काउंटरवर लागतो. या तिघांनी उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका किराणा दुकानात तीन आठवडे सुमारे ७५० वस्तूंखाली करासकट किंमतीच्या चिठ्ठ्या लावल्या. कर पूर्वीसारखाच, ७.३७५ टक्के. नवीन काहीच नाही. तरी त्या वस्तूंची विक्री सुमारे ८ टक्क्यांनी घटली.

त्यांनी ग्राहकांना प्रश्नही विचारून पाहिले. कुठल्या वस्तूवर कर लागतो आणि कुठल्या नाही, हे बहुतेकांना व्यवस्थित माहीत होतं. माहिती डोक्यात होती, पण फळीसमोर उभं राहून निवड करताना ती डोळ्यासमोर नव्हती. माझंही तेच झालं. फी लागणार हे मला पक्कं ठाऊक होतं, पण खुर्च्या निवडताना डोक्यात आकडा तीनशेचाच होता.

इथे आपल्या देशाचं कौतुक करायला हवं. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर एमआरपी छापलेली असते आणि तिच्यापुढे 'सर्व करांसहित' असं लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. वीस रुपये लिहिलंय म्हणजे वीसच्या वर एक पैसा नाही, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. कॅलिफोर्नियात जे करून बघायला संशोधकांना चिठ्ठ्या चिकटवाव्या लागल्या, ते आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात रोज चालतं. आणि यामुळे एखादी बिस्किट कंपनी बुडाल्याचं ऐकिवात नाही.

भोक आहे ते दुसरीकडे. एमआरपी बंद पाकिटातल्या वस्तूंना आहे, सेवांना नाही. तिकीट, हॉटेल, घरपोच डिलिव्हरी, बँक, कर्ज या सगळ्या सेवा. आणि आपला खर्च तर दिवसेंदिवस याच बाजूला सरकतोय.

मग एखादा प्रामाणिक विक्रेता बाजी का मारत नाही?

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकवतात की स्पर्धा असेल तर लबाड दुकानदार टिकत नाही. शेजारचा सरळ भाव सांगेल आणि गिऱ्हाईक तिकडे जाईल. मग इथे असं का होत नाही?

पहिलं कारण अगदी साधं आहे. समजा महाबळेश्वरला दोन लॉज आहेत. पहिला म्हणतो, "खोली २५०० रुपये, सगळं धरून." दुसरा म्हणतो, "१९९९ रुपये", आणि शेवटी ६०० रुपये 'सुविधा शुल्क' लावतो. खरं तर दुसरा ९९ रुपयांनी महाग. पण आपण अ‍ॅपवर 'कमी किंमत आधी' असं बटण दाबतो, आणि पहिला लॉज यादीत इतका खाली जातो की आपण त्याच्यापर्यंत पोचतच नाही. महिन्याभरात त्यालाही कळतं. मग तोही १८९९ लिहितो आणि खाली ६०१ रुपयांचं शुल्क जोडतो. तो माणूस वाईट नव्हता, त्याच्यासमोर दुसरा पर्याय राहिला नाही.

दुसरं कारण जरा खोल आहे. झेवियर गॅबे आणि डेव्हिड लेबसन यांच्या २००६ सालच्या पेपरात ते मांडलंय. एक बँक कल्पून पाहा. ती म्हणते, "खातं मोफत!" पण शिल्लक कमी पडली की दंड, चेक परतला की दंड. जो हुशार आहे आणि ज्याच्या खात्यात बऱ्यापैकी पैसे असतात तो हे दंड टाळतो आणि खरोखर फुकट सेवा घेतो. त्याचा खर्च कोण भरतं? ज्याची शिल्लक महिनाअखेर संपते तो.

आता दुसरी एक प्रामाणिक बँक जाहिरात करते, "ते दंड लपवतात. आमच्याकडे वर्षाला ठरावीक रक्कम द्या, दंडबिंड काही नाही." ऐकणारा शहाणा होतो. पण शहाणा झाल्यावर तो काय करतो? पहिल्याच बँकेत राहतो आणि दंड टाळायला शिकतो, कारण तेच त्याला स्वस्त पडतं. प्रामाणिक बँकेने पदरचे पैसे घालून लोकांना शिकवलं आणि गिऱ्हाईक मात्र मिळालं नाही. म्हणून बाजारात कोणीच कोणाला शिकवायला जात नाही.

मला या पेपरातली ही गोष्ट सगळ्यात जास्त बोचते. लपवलेल्या फीमुळे कंपनीचा तर फायदा होतोच, पण जे ती टाळू शकतात त्यांचाही होतो. तो भार उचलतात ते, ज्यांच्याकडे वेळ, पैसे किंवा माहिती कमी आहे.

१८ टक्के जेव्हा ७० टक्के होतात

नाटकाच्या तिकिटात हा प्रश्न दीडशे रुपयांचा. कर्जात तो वेगळंच रूप घेतो.

मी राहते त्या इमारतीत कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलाने फोनवरच्या एका अ‍ॅपवरून कर्ज घेतलं होतं. तो मला म्हणाला, "ताई, व्याज दीड टक्काच आहे महिन्याला." त्याचे खरे आकडे इथे देत नाही, गोल आकडे घेऊन हिशेब मांडते.

कर्ज १०,००० रुपये, ९० दिवसांसाठी, व्याज वर्षाला १८ टक्के. प्रोसेसिंग फी ८०० रुपये, त्यावर जीएसटी १४४, आणि न मागितलेला विमा १५६ रुपयांचा. हे ११०० रुपये आधीच कापून घेतले, म्हणजे हातात आले ८९००. नव्वद दिवसांनी परत करायचे १०,००० आणि व्याजाचे ४४४. म्हणजे ८९०० वापरायला मिळाले आणि त्यासाठी मोजले १५४४. तीन महिन्यांत १७ टक्क्यांहून जास्त. सरळ व्याजाने वर्षाचा दर काढला तर सुमारे ७० टक्के.

अठरा आणि सत्तर! यातला एकही आकडा 'खोटा' नव्हता. प्रत्येक आकार कुठे ना कुठे लिहिलेलाच होता. फक्त सगळ्यांची बेरीज एका जागी नव्हती.

रिझर्व्ह बँकेने नेमकी हीच बेरीज सक्तीची केली आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्तसंस्थांनी व्यक्तींना दिलेल्या नव्या मुदत कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बंधनकारक आहे, आणि तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. त्यात 'एपीआर' म्हणजे वार्षिक एकूण खर्चाचा दर द्यावा लागतो. व्याज, प्रोसेसिंग फी, विम्यासारखे दुसऱ्याच्या वतीने वसूल केलेले आकार, सगळं त्या एका आकड्यात येतं. आणि जो आकार त्या कागदावर नाही, तो पुढे कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. माझ्या दृष्टीने ही कर्जाची एमआरपीच आहे. कर्ज घेताना बाकी काही नाही वाचलं तरी चालेल, पण "एपीआर किती?" एवढं विचाराच.

कायदा कुठवर आलाय

३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने, म्हणजे सीसीपीएने, 'डार्क पॅटर्न'विरोधी मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. त्यात १३ प्रकारांना नावानिशी मनाई आहे. किंमतीचा काही भाग सुरुवातीला न सांगणं हे 'ड्रिप प्रायसिंग' त्यात आहे. आणि ग्राहकाला न विचारता टोपलीत काहीतरी सरकवणं हे 'बास्केट स्नीकिंग'ही. दानाचा तो एक रुपया या दुसऱ्या प्रकारात मोडतो. दान करायला हरकत नाही, पण टिक मी करायची, त्यांनी नाही.

हॉटेलातल्या 'सर्व्हिस चार्ज'चीही गोष्ट अशीच. ४ जुलै २०२२ रोजी सीसीपीएने सांगितलं की हॉटेलांनी बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये, दुसऱ्या नावानेही लावू नये. हॉटेल संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि त्याच महिन्यात स्थगिती मिळाली. २८ मार्च २०२५ रोजी न्या. प्रतिभा सिंह यांनी संघटनांच्या याचिका फेटाळल्या आणि सर्व्हिस चार्जची सक्ती करता येणार नाही असं स्पष्ट केलं. संघटनांनी त्यावर अपील केलं आहे. पण यात मुद्दा लक्षात घ्या: वेटरला पैसे देऊ नका असं कोणीच म्हटलेलं नाही. मनापासून टिप द्या. हॉटेलला खर्च भागत नसेल तर मेन्यूतला भाव वाढवा. फक्त तो भाव ऑर्डर देण्याआधी दिसू द्या.

यावर नेहमीचा आक्षेप असतो: "फी बंद केली तर ते मूळ किंमतीतच घालतील. आपल्याला काय फरक पडणार?"

आक्षेप चांगला आहे आणि काही अंशी खराही आहे. खर्च हवेत विरून जात नाही. पण यावरही पुरावा आहे. अमेरिकेत २०१२ पासून विमान कंपन्यांना जाहिरातीत करांसकट पूर्ण भाडं दाखवावं लागतं. सेबॅस्टियन ब्रॅडली आणि नेओमी फेल्डमन यांनी त्या बदलाचा अभ्यास केला. पूर्ण आकडा दिसायला लागल्यावर प्रवाशांवर पडणारा कराचा भार घटला. जो बोजा आधी प्रवाशावर ढकलता येत होता, त्यातला बराचसा कंपन्यांना मूळ भाडं कमी करून स्वतः सोसावा लागला. कारण आता तुलना शक्य होती. फी किंमतीत गेली की ती स्पर्धेच्या उजेडात येते, फरक पडतो तो इथे.

आणि म्हणूनच नियम सगळ्यांना एकाच दिवशी लागू व्हावा लागतो. एकट्या लॉजवाल्याने पूर्ण भाव लिहिला तर तो बुडतो, सगळ्यांनी लिहिला तर कोणीच बुडत नाही. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२५ पासून आणि अमेरिकेत कार्यक्रमांची तिकिटं व हॉटेलांसाठी १२ मे २०२५ पासून असे नियम लागू झाले. तिकडच्या तिकीट साइटना पूर्ण किंमत आधी दाखवावीच लागते, मग त्यांचा प्रयोग काहीही सांगो.

आपल्याकडे नियम आहे, पण अंमल बहुतांशी तक्रारींवर चालतो. त्यामुळे तक्रारीला वजन आहे.

आपण काय करू शकतो

एक: दोन स्क्रीनशॉट घ्या. एक पहिल्या किंमतीचा, एक शेवटच्या. फरक दाखवायला एवढा पुरावा पुरतो. मी पहिला घ्यायला विसरले, म्हणून हे आधी सांगते.

दोन: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. मराठीतही बोलता येतं. रक्कम लहान आहे म्हणून लाजू नका. एकच फी हजार जणांनी नोंदवली की ती 'किरकोळ' राहत नाही.

तीन: हेल्पलाइनने काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची.

चार: एकटं वाटत असेल तर ग्राहक संघटनांकडे जा. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हे काम करते आहे. एकेकट्याने भांडण्यापेक्षा ग्राहकांनी एकत्र येण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे.

आणि पाच, स्वतःला मूर्ख समजू नका. या सगळ्या संशोधनाचं सार माझ्या मते एवढंच आहे. आपण सावध असतोच, पण सावध माणसालाही चुकवता येईल अशी ती पानं मोजूनमापून रचलेली असतात.

नाटक छान झालं. मध्यंतरात आई बटाटेवडा घ्यायला काउंटरवर गेली. पाटीवर लिहिलं होतं चाळीस रुपये. तिने काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "चाळीस म्हणजे चाळीसच ना रे?" तो बिचारा गोंधळला. "हो आजी, चाळीसच. अजून किती असणार?"

आई माझ्याकडे बघून हसली. मी तिच्या हातात सोयीचे पैसे न देता वडा घेतला.